फोन आधी कोणी ठेवायचा

बापूला उत्तम अभिनय येतो, ही गोष्ट जगात एकाच माणसाला पक्की ठाऊक होती आणि तो माणूस म्हणजे खुद्द बापू. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याने एकदा झाडाचं काम केलं होतं. पडदा पडेपर्यंत झाड हललं नाही, एवढीच काय ती पूर्वपुण्याई. पण तेवढ्या जोरावर परदेशात शिकत असताना त्याने अशी नोकरी पटकावली, की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा. बापू पगारी रोगी झाला!

थांबा, नीट सांगतो. तिथल्या वैद्यकीय कॉलेजात डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींची परीक्षा असते. त्यांच्यापुढे खरा रोगी बसवला आणि प्रश्नोत्तरांत तो दगावला, तर पंचाईत. म्हणून धडधाकट माणसं निवडतात, एकेकाला एकेक दुखणं वाटून देतात, आणि ती माणसं दुखणं पाठ करून खाटेवर कण्हत बसतात. परीक्षार्थी येतो, विचारपूस करतो, कोपऱ्यातला परीक्षक गुण देतो. आपल्या बापूच्या वाट्याला पोट आलं. दर मंगळवारी संध्याकाळी कॉलेजच्या हॉस्पिटलात तालीम असायची.

"मी नुसता ओठ हलवला ना, तरी समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येईल," बापूने खोलीतल्या जोडीदाराला ऐकवलं.

या जोडीदाराला सगळे शास्त्री म्हणत. शास्त्री कमालीचा सरळ. जेवढं विचाराल तेवढंच आणि तेही अगदी खरं सांगायचा. 'मीठ आहे का?' विचारलं तर 'आहे' म्हणून परत वाचायला लागायचा. डबा कुठे आहे ते वेगळं विचारावं लागे. बापूच्या बढाईवर तो म्हणाला, "हलव." बापूने ओठ हलवला. शास्त्री बराच वेळ बघून म्हणाला, "नाही आलं."

पण बापूची खरी पोटदुखी वेगळीच होती. तो शिकत होता पुलांचं शास्त्र. जुन्या पुलांना भेगा का पडतात, हे शोधण्यात त्याचा जीव रमला होता. शिक्षण संपायला दोन महिने उरले असताना त्याच्या प्राध्यापकांनी त्याला आणखी एक वर्ष काम देऊ केलं. नदीवरच्या एका जुन्या पुलाची एक भेग होती, तिच्यावर वर्षभर नजर ठेवायची. पत्र तयार होतं, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत सही करायची होती. बापू हरखून गेला होता. आणि त्याच आठवड्यात घरून एक फोटो आला. बाबांचं फरश्यांचं दुकान होतं. दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली होती आणि बाबांच्या नावापुढे ओल्या पिवळ्या रंगात दोन शब्द वाढले होते. 'आणि चिरंजीव'.

आता अशा बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की चिरंजीव आणखी वर्षभर येत नाहीत? बाबा तसे मारकुटे नव्हते की तापट नव्हते. ते फोनवर फक्त 'हं' म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. तापट माणसाशी भांडता तरी येतं. 'हं'शी कसं भांडणार? बापू रोज ठरवायचा, आज सांगायचं. रोज फोन संपायचा आणि सांगायचं राहून जायचं.

या घरात फोन संपणं ही सोपी गोष्ट नव्हती, हेही सांगून ठेवतो. धाकट्याने फोन आधी ठेवायचा नाही, हा आजोबांपासूनचा दंडक. मोठ्यांचं बोलणं तोडल्यासारखं होतं म्हणे. तेव्हा बापू ठेवायचा नाही. आईला वाटायचं, एवढा शिकलेला मुलगा, ते लाल बटण तोच दाबत असेल. त्यामुळे आई पाच वेळा 'ठेवते हं' म्हणायची, फोन डब्याला टेकवून कामाला लागायची, बापू इकडे फोन गादीवर उपडा टाकायचा, आणि दोन खंडांच्या मध्ये तो बिचारा फोन चालूच राहायचा.

तर त्या मंगळवारी तालमीत बापूला पोटदुखी शिकवणाऱ्या बाईंनी तोंडावर सांगितलं, की तुमचं कण्हणं पाहुणे गेल्यावर सोडलेल्या सुस्काऱ्यासारखं वाटतं. परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. बाई म्हणाल्या, "ही वाक्यं आधी तुमच्या स्वतःच्या भाषेत म्हणा. घरी, एकट्याने. म्हणजे दुखणं आतून येईल."

बापूने हे मनावर घेतलं. रविवारी सकाळी आईशी बोलणं झालं. तिकडे दुपारची जेवणं आटोपली होती. आई पाच वेळा 'ठेवते' म्हणाली, बापूने फोन गादीवर टाकला, दार लावलं आणि खाटेवर बसून पोट धरलं.

"तीन महिने झाले, डॉक्टर. उजवीकडे दुखतं. आता तर अन्नही जात नाही. सहा किलो उतरलोय. घरी कुणालाच सांगितलेलं नाही. माझे वडील फार साधे आहेत. त्यांना कळलं तर ते खचतील."

हे त्याने तीनदा म्हटलं. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःचेच डोळे पुसले. तेवढ्यात तिकडच्या फोनची बॅटरी संपली. नाहीतर त्याने पुढे स्वतःलाच मोठ्याने दिलेली शाबासकीही घरी ऐकू गेली असती आणि ही गोष्ट इथेच आटोपली असती.

तिकडे काय झालं ते बापूला फार उशिरा कळलं, तुम्हाला मात्र आत्ताच सांगतो. आईच्या हातातला चमचा हातातच राहिला. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहते, पण फक्त झोपण्यापुरती. बाकी वेळ ती इथेच. ती म्हणाली, "तीन तीन डॉक्टरांना दाखवलं गं पोराने. तिघांनाही तेच सांगितलं." आणि बाबा पाण्याचा पेला हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी पेला खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा 'हं'च्या पलीकडे जाऊन ते सलग चार वाक्यं बोलले. म्हणाले, "त्याने आपल्यापासून लपवलंय. आपण खचू म्हणून लपवलंय. तेव्हा आपल्याला कळलंय हे त्याला कळता कामा नये. त्याचं मन मोडेल."

झालं! लपवणाऱ्यापासून लपवायचं, असा ठराव झाला.

सोमवारपासून बापूचं नशीबच फळफळलं. आंघोळ केलीस का, केस कधी कापणार, हे प्रश्न बंद. आई नुसती त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "तुला आवडेल ते खा, राजा." बापू विमानतळावर आत्याला हात करायला विसरला होता, म्हणून आत्याने दोन वर्षं अबोला धरला होता. ती स्वतःहून पडद्यावर आली आणि म्हणाली, "मी रागावले नव्हतेच रे कधी." बापू थक्क झाला. शास्त्रीला म्हणाला, "बघ, माणूस लांब गेला की घरच्यांना त्याची किंमत कळते. माझं घर सुधारलं." शास्त्री म्हणाला, "दोन दिवसांत?" पण असल्या शंका बापू मनावर घेत नसे.

उलट त्याने हिशेब केला, की लोखंड तापलंय तोवर घाव घालावा. बुधवारी त्याने धीर करून आईला सांगितलं, की बाबांशी बोलायचंय. आणि काय आश्चर्य, बाबा फोनजवळच बसले होते.

"बाबा, मला अजून एक वर्ष इथेच राहावं लागेल असं दिसतंय."

"वर्षभरात होईल सगळं नीट?" बाबांनी विचारलं.

"सर म्हणतात होईल. भेग सध्या तीन सेंटिमीटर आहे. पण वाढतेय, म्हणून नजर ठेवायची."

गेले तीन दिवस ज्याच्या डोळ्यांपुढे मुलाच्या पोटाशिवाय दुसरं काही नाही, त्याला पूल कुठला आठवायला? मागे आईने तोंडाला पदर लावला. बाबा म्हणाले, "राहा. वर्ष लागो, दोन लागोत. तिकडे सोयी चांगल्या आहेत. दुकान कुठे पळून जात नाही."

बापूने आनंदाच्या भरात खाटेवर अशी उडी मारली, की खाटेची एक फळी मोडली. गुरुवारी सकाळी त्याने प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन पत्रावर झोकात सही ठोकली. बाहेर पडून पुलापर्यंत चालत गेला आणि त्या भेगेला हात लावून आला. एवढा आनंद त्याला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

पण ठराव असला तरी आत्याला चैन पडेना. तिचे एक चुलत दीर तीस वर्षांपासून त्याच देशात होते, आगगाडीने चार तासांवर. त्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. निवृत्त झाले तरी एक सवय सुटली नव्हती. कुठलंही बटण ते दोनदा दाबायचे. एकदा चालतं का बघायला आणि एकदा चाललं याची खात्री करायला. आत्याने त्यांना फर्मान सोडलं, की जाऊन बघून या, पण त्याला कळू देऊ नका.

मंगळवारी संध्याकाळी काकांनी बापूच्या खोलीची घंटा दोनदा वाजवली. दार शास्त्रीने उघडलं. बापू आहे का, काकांनी विचारलं. शास्त्री म्हणाला, नाही.

"कुठे गेलाय?"

"हॉस्पिटलमध्ये."

काकांनी दाराची चौकट धरली. "आजच गेला?"

"दर मंगळवारी जातो."

"कशासाठी रे?"

"पोटदुखीसाठी," शास्त्री म्हणाला आणि पुढे काही विचारलं नाही म्हणून दार लावून घेतलं.

आता काकांनी न कळू देण्याचा विचार सोडून दिला. त्यांच्या पिशवीत टॉवेल, साबण, धुतलेली चादर, ताट, वाटी, पेला असं सगळं होतं. माणूस हॉस्पिटलात पडला की त्याला काय लागतं, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. त्यांनी वाटेतच घरी फोन लावला, चित्र दिसेल असा. तिकडे आई, आत्या आणि बाबा एका फोनसमोर बसले. दुकान सकाळपासून बंद होतं. आजोबा गेले त्या दिवशीही अर्धं शटर उघडं होतं, यावरून काय ते समजा.

हॉस्पिटलाच्या खिडकीवरच्या बाईने यादी बघून सांगितलं, की पोट तिसऱ्या मजल्यावर चार नंबरच्या खोलीत आहे, पण आत्ता कुणालाही वर सोडणार नाही. काका बरं म्हणाले आणि मागच्या सामानाच्या लिफ्टकडे वळले. तीस वर्षं ज्याने लिफ्टचीच पोटं उघडली, त्याला वर जाण्यापासून कोण अडवणार?

वर चार नंबरमध्ये बापू खाटेवर पडला होता. दोन परीक्षार्थी होऊन गेले होते. तिसरी आणि शेवटची एक मुलगी आली होती आणि ती इतकी घाबरली होती, की प्रश्न भिंतीला विचारत होती. कोपऱ्यात परीक्षक निर्विकार बसले होते. पोटदुखीच्या बाईंनी सगळ्या रोग्यांना बजावलं होतं, की घंटा होईपर्यंत तुम्ही रोगीच. छत कोसळलं तरी रोगीच. मध्येच कुणी उठलं, तर समोरच्या परीक्षार्थीची परीक्षा रद्द आणि त्याला पुन्हा बसायला पुढचं वर्ष.

दार उघडलं आणि आधी पिशवी आत आली. मग काका. त्यांच्या पुढे धरलेल्या फोनमध्ये अख्खं घर होतं.

"बापू, उठू नकोस," काका म्हणाले. "मी आलोय."

बापूचे डोळे पांढरे झाले. घड्याळात अजून सहा मिनिटं होती. त्या मुलीने काकांकडे बघितलं, परीक्षकांकडे बघितलं. परीक्षकांना वाटलं हे बाईंनी घातलेलं नवं काहीतरी असणार, आणि आपल्याला माहीत नव्हतं हे कशाला दाखवा, म्हणून ते गंभीरपणे लिहायला लागले. ते लिहिताहेत म्हटल्यावर मुलीची खात्री पटली, की हाच खरा प्रश्न आहे. रोग्याचा नातेवाईक सांभाळून दाखवा! तिने काकांना खुर्ची दिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्ही कसे आहात? फार दमलेले दिसता."

तीस वर्षांत त्या देशात काकांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना रडूच फुटलं. मग तिने घरातली दुखणी विचारली आणि काकांनी आजोबांचं पित्त, आत्याचा संधिवात, कुणा थोरल्या काकांचा मूतखडा असं सगळं यथासांग सांगितलं. फोनमधून आत्या भर घालत होती आणि काका भाषांतर करत होते. शेवटी त्यांनी स्वतःचा गुडघाही दाखवून घेतला. परीक्षकांचा कागद भरला, ते मागच्या बाजूवर लिहू लागले.

मग काका बापूकडे वळले. "घरी का नाही सांगितलंस रे?"

बापूने घड्याळ बघितलं. दोन मिनिटं. त्या मुलीचं वर्ष त्याच्या जिभेवर होतं. त्याला एकच उत्तर म्हणायची परवानगी होती आणि ते त्याने म्हटलं. "वडिलांना कळलं तर ते खचतील."

"खचलो नाही रे," फोनमधून बाबांचा आवाज आला. ते उठून उभे राहिले, सगळे दिसावेत म्हणून मागे सरकले. "बघ, उभा आहे. दुकान विकीन, पण तुला बरं करीन."

आता बापूच्या सगळं लक्षात आलं. आईचं ते बघणं, आत्याचा मोडलेला अबोला, आणि बुधवारचं 'राहा'. त्याला इतकी लाज वाटली, इतकं वाईट वाटलं, की त्याच्या तोंडून जे कण्हणं बाहेर पडलं त्याने परीक्षकांचं पेनच थांबलं. आयुष्यातला पहिला खरा अभिनय बापूने केला, पण तो अभिनय नव्हता.

घंटा झाली. मुलगी काकांचा हात दाबून गेली, परीक्षक डोळे पुसत बाहेर गेले, आणि बापूने खाटेवरून उडी मारली. "बाबा, मला काही झालेलं नाही. हे नाटक आहे. माझी नोकरी आहे ही."

आई म्हणाली, "सगळे आधी असंच म्हणतात." मग त्याने एका पायावर उड्या मारून दाखवल्या, पोटावर बुक्क्या मारून दाखवल्या, आणि रविवारच्या तालमीपासून पुलाच्या भेगेपर्यंत सगळं कबूल केलं. आत्याने सर्वांत आधी तोंड उघडलं, ते पुन्हा अबोला सुरू झाल्याचं सांगायला. आईचं मात्र काही केल्या समाधान होईना. ती म्हणाली, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल? काहीतरी दुखत असेलच."

बाबांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "मी शब्द दिला तो आजारी मुलाला. धडधाकट मुलाला तो लागू नाही. दोन महिन्यांनी दुकानात ये. ठेवतो."

सही केलेलं पत्र, प्राध्यापक, ती तीन सेंटिमीटरची भेग, सगळं बापूच्या डोळ्यांपुढून गेलं. एवढ्यात पोटदुखीच्या बाई धावत आल्या. बापूकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट काकांपाशी जाऊन विचारलं, की पुढच्या परीक्षेपासून रोग्याचा नातेवाईक म्हणून याल का? परीक्षकांनी त्या मुलीला सगळ्यांत जास्त गुण दिले होते. काकांनी फोन खाटेवर टाकला आणि ते अर्ज भरायला बसले.

फोन अर्थातच कुणी ठेवला नव्हता. पडद्यावर घरचा पंखा दिसत होता आणि खाली आई बोलत होती. पोरगं उड्या मारतंय, एवढं पुरे नाही का, असं काहीतरी.

"पुरे आहे," बाबांचा आवाज आला. "आठ दिवस मी दुसरं काय मागत होतो? पोरगं बरं असू दे, मग ते कुठेही राहू दे, हेच ना? आता बरं आहे म्हटल्यावर शब्द फिरवू कसा? राहू दे वर्षभर."

"मग तसं सांगायचं होतं त्याला."

"सांगणार. आठ दिवसांनी. आपण आठ दिवस काढले, आता त्याला काढू दे."

शाळेतलं ते झाड पडदा पडेपर्यंत हललं नव्हतं. आज त्याला नुसता श्वास रोखून बसायचं होतं, तेही जमलं नाही. बापू मोठ्याने हुंदका देऊन हसला.

पंखा दिसेनासा झाला आणि बाबांचा चेहरा पडद्यावर आला. "ऐकलंस?"

"हं," बापू म्हणाला.

"बरं. मग आठ दिवस वाचले तुझे. पण पुढच्या वेळी काय हवं ते सरळ सांगायचं. पोट मध्ये आणायचं नाही." मग बाबा म्हणाले, "आणि मोठा झालास आता. आजपासून फोन तू ठेवत जा."

बापूचं बोट त्या लाल बटणापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. चोवीस वर्षांची सवय ती. एकदा पुढे गेलं, एकदा मागे आलं. अर्ज संपवून आलेले काका म्हणाले, "एवढं काय त्यात, दे इकडे." आणि त्यांनी बटण दाबलं.

सवयीप्रमाणे दोनदा.

पहिल्याने फोन बंद झाला, दुसऱ्याने पुन्हा लागला. पलीकडे आईने लगेच उचलला. "बरं झालं भाऊजी, तुम्हीच केलात," ती म्हणाली. "तेवढं त्याचं पोट एकदा दाबून बघता का?"

काकांनी दाबून बघितलं. तेही दोनदा. आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा बापूला उजवीकडे थोडंसं दुखलं. पण ते त्याने अजून घरी सांगितलेलं नाही.